सायकलीचें साल

डोंगरवाटांवर चालविण्याजोगी, पुढच्या व मागच्या दोन्ही चाकांस स्प्रिंगेचा आधार असलेली सायकल विकत घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें दुकानांत बहुधा एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. एकाच कारखान्याच्या, एकाच नांवाच्या व दिसावयास जवळजवळ सारख्या अशा दोन सायकली त्याच्यापुढें ठेवण्यांत येतात. एकीवर गेल्या सालाचा शिक्का असतो, दुसरीवर नव्या सालाचा. गेल्या सालची बरीच स्वस्त, नव्या सालची महाग. दुकानदार नवीची स्तुति करतो, आणि त्याच दमांत जुनी आणखी थोडी स्वस्त देण्याचें आश्वासनही देतो. मराठी भाषेंतल्या दोन्ही प्रसिद्ध म्हणी ह्या बाबतींत जुन्याच्याच बाजूच्या आहेत. एक म्हणते, जुनें तें सोनें; दुसरी म्हणते, नव्याचे नऊ दिवस. तरीही ग्राहकाची नजर वळते ती नव्याकडेच. साध्या सायकलीच्या कित्येक पट किमतीचें हें वाहन असल्यामुळें निर्णय चुकला तर कित्येक महिन्यांची शिल्लक पाण्यांत जाते. म्हणून हा संभ्रम हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ किंमतपत्रकांत सांपडत नाहीं. सायकलीच्या इतिहासांत तें पुष्कळसें सांपडतें. सालाचा शिक्का ही सायकलीबरोबर जन्मलेली गोष्ट नव्हे. व्यापाराच्या गरजेनें तो मागाहून तिच्यावर उमटविण्यांत आला. कांहीं सालें अशीं होऊन गेलीं कीं, त्यांत सायकल खरोखरच बदलली, आणि जुनी घेणारा पस्तावला. कांहीं सालें अशीं कीं, रंगापलीकडे फारसें कांहीं बदललें नाहीं, आणि नवी घेणारा पस्तावला. एकदां तर असें घडलें कीं, तीस-चाळीस वर्षांपूर्वींचे सांगाडे उचलणाऱ्या मूठभर तरुणांनीं नव्या मालाच्या सगळ्या कारखान्यांस मागें टाकलें. हे तिन्ही प्रकार ओळखतां आले, म्हणजे दुकानांतल्या त्या दोन सायकलींकडे पाहण्याची दृष्टि येते.

प्रथम खरोखरीच्या बदलाचा काळ पाहूं. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं जॉन केंप स्टार्ली ह्यानें 'रोव्हर' नांवाची सायकल बाजारांत आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं असून मागचें चाक साखळीनें फिरे. त्यापूर्वींची उंच सायकल, म्हणजे पुढें माणसाच्या छातीपर्यंत येणारें चाक आणि मागें लहानसें चाक अशी ती जोडी, बसावयास धोक्याची होती खरी; पण तिचें मोठें चाक खड्ड्यांवरून व दगडांवरून त्या मानानें सुखानें जाई. चाकें लहान झालीं, पडण्याची भीति कमी झाली. पण धक्के मात्र वाढले. टायर भरीव रबराचे आणि रस्ते खडीचे, त्यामुळें रस्त्यावरचा एकेक खडा स्वाराच्या मनगटांत आणि कमरेंत जाणवे.

ह्या दुखण्यावर औषध शोधण्याची खटपट लगेच सुरू झाली. त्याच १८८५ सालीं लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज ह्या कारखानदारांनीं 'व्हिपेट' नांवाच्या सायकलीचें पेटंट घेतलें. स्वाराचें अंग सायकलीस तीन ठिकाणीं टेकतें: हातांनीं हँडलास, बैठकीनें सीटास आणि पायांनीं पेडलांस. ह्या तीन जागांमधील अंतर न बदलतां तो सगळा भाग एका दणकट स्प्रिंगेवर तोलून धरावा, आणि चाकें ज्यांत बसविलीं आहेत तो सांगाडा खालीं हवा तसा उसळूं द्यावा, अशी तिची रचना होती. आज जिला पूर्ण सस्पेन्शनची सायकल म्हणतात, तिच्यामागचा विचार म्हणजे चाक खडकाबरोबर वर जावें, पण माणूस जाऊं नये, हाच होय. आणि तो ह्या व्हिपेटमध्यें स्पष्ट दिसतो.

परंतु व्हिपेटचें दैव आड आलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं हवा भरलेल्या टायराचें पेटंट घेतलें. १८८९ च्या मे महिन्यांत बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम नांवाचा स्वार अशा टायरांच्या सायकलीवर बसून आला. ते फुगीर टायर पाहून लोक हंसले. शर्यत संपली तेव्हां जिंकलेला मात्र ह्यूमच होता. हीच कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच पेटंट करून ठेविली होती, हें मागाहून उघडकीस येऊन डनलॉप ह्यांचें मूळ पेटंट रद्द ठरलें. पण तोंपर्यंत हवेच्या टायरानें बाजार काबीज करण्यास आरंभ केला होता. जें काम व्हिपेट सांधे आणि स्प्रिंगा लावून करी, तें काम हा टायर जवळजवळ वजन न वाढवितां करूं लागला. थोड्याच वर्षांत स्प्रिंगेच्या सांगाड्याच्या सायकली दिसेनाशा झाल्या.

येथें एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. १८८९ सालचा हवेचा टायर आणि १८९१ सालचा हवेचा टायर ह्या एकच वस्तु नव्हत. आरंभींचा टायर रिमेस चिकटवून टाकलेला असे. तो पंक्चर झाला म्हणजे सोडवून, ठिगळ लावून, पुन्हा चिकटवून वाळेपर्यंत तासच्या तास जात. १८९० सालीं वेल्च आणि बार्टलेट ह्या दोघांनीं, टायर रिमेवरून काढतां व पुन्हा बसवितां येईल अशा निरनिराळ्या रचनांचीं पेटंटें घेतलीं. फ्रान्समध्यें मिशेलिन बंधूंनींही काढता-घालता येणारा टायर तयार केला. आणि १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत यावयाची सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेरों ह्यानें त्याच टायरांवर जिंकली. तेव्हां १८९१ सालीं एखाद्या ग्राहकानें पैसे वांचविण्यासाठीं दोन सालांपूर्वींची सायकल घेतली असती, तर रंग किंवा नक्षी ह्यांत नव्हे, तर भर रस्त्यांत अडकून पडण्याच्या वेळांत त्याचें नुकसान झालें असतें. त्या दोन सालांमधला फरक खरा होता.

आतां दुसरा प्रकार. १८९० नंतर सायकलीचें मुख्य रूप ठरून गेलें. समान चाकें, चौकटीचा सांगाडा, साखळी आणि हवेचे टायर इतकें जमल्यावर मोठा बदल करण्यासारखें फारसें उरलें नाहीं. पण कारखाने तर वाढतच होते. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील अल्बर्ट पोप ह्यांची 'कोलंबिया' सायकल आणि तिच्याशीं चढाओढ करणारे असंख्य कारखाने दरवर्षीं नवें मॉडेल काढूं लागले. जानेवारी महिन्यांत शिकागो व न्यूयॉर्क येथें भव्य प्रदर्शनें भरत, आणि तेथें येत्या हंगामाच्या सायकली मांडल्या जात. पहिल्या प्रतीच्या सायकलीची किंमत शंभर डॉलर असे. एखादा खिळा वेगळा, एखादा सांधा झांकलेला, रंगाची एखादी नवी रेघ एवढ्या भांडवलावर गेल्या सालची सायकल 'जुनी' ठरे, आणि ज्यानें ती वर्षापूर्वीं शंभर डॉलरांस घेतली त्यास आपली वस्तु उगाचच कमी प्रतीची वाटूं लागे.

ह्या पद्धतीनें कांहीं वर्षें बाजार फुगला; पण सुज्ञ ग्राहकाच्या लवकरच लक्षांत आलें कीं, गेल्या सालची सायकल तितकीच धांवते आणि बरीच स्वस्त मिळते. १८९७ च्या सुमारास मागणीपेक्षां माल अधिक झाला, भाव कोसळले, आणि कारखान्यांमागून कारखाने बंद पडूं लागले. १८९९ सालीं चाळीसांहून अधिक कारखाने एकत्र करून 'अमेरिकन बायसिकल कंपनी' स्थापन करण्यांत आली. पण तीही चारपांच वर्षांच्या आंत बुडाली. सालाचा शिक्का मात्र बुडाला नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन ह्यांनीं दरवर्षीं मोटारीचें रूप बदलण्याचें धोरण पद्धतशीरपणें राबविलें, आणि तेव्हांपासून ही पद्धति सगळ्या जगाच्या अंगवळणीं पडली. मोटारीच्या नांवावर जी गोष्ट आज मांडली जाते, तिची रंगीत तालीम सायकलीनें आधींच करून दाखविली होती.

तिसरा प्रकार सर्वांत मौजेचा आहे. १९३३ सालीं शिकागो येथील श्विन कंपनीनें २६ इंची चाकांची, जाड फुगीर टायरांची सायकल बाजारांत आणली. वर्तमानपत्रें टाकणाऱ्या व शाळेंत जाणाऱ्या मुलांसाठीं बनविलेलें तें दणकट वाहन होतें. पुढें हलक्या, बारीक टायरांच्या व अनेक गिअरांच्या सायकली आल्या, आणि त्या जाड्या सायकली अमेरिकेंतल्या घरोघरच्या अडगळींत जाऊन पडल्या.

१९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत डोंगरांवरून सायकली सोडण्याचा नाद कांहीं तरुणांस लागला. त्यांपैकीं बरेच जण रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे होते. नव्या सालच्या हलक्या सायकली कशा असतात, हें त्यांस चांगलें ठाऊक होतें. तरीही डोंगर उतरण्यासाठीं त्यांनीं निवडले ते १९३० ते १९५० ह्या काळांतील जुने सांगाडे, आणि त्यांतही श्विनचा 'एक्सेल्सियर' विशेषेंकरून. कारण साधें होतें. त्या सांगाड्याचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्यांत पुढचें चाक बसतें तो फोर्क, अधिक तिरपा होता आणि दोन चाकांमधलें अंतर अधिक होतें. त्यामुळें तीव्र उतारावर ती सायकल स्वारास हँडलावरून पुढें फेंकून देत नसे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या डोंगरावर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशें फूट उतरणारा तो रस्ता होता. मागच्या हबांतील ब्रेक त्या उतारावर इतका तापे कीं, आंतलें ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवें ग्रीस भरावें लागे. त्यावरून त्या रस्त्यास 'रिपॅक' हें नांव पडलें.

१९७७ सालीं त्याच मंडळींतील जो ब्रीझ ह्यानें केवळ ह्या कामासाठीं म्हणून एक नवा सांगाडा बनविला. त्याचे कोन त्यानें जुन्या एक्सेल्सियरवरूनच घेतले होते. ती पहिली 'ब्रीझर' सायकल अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहांत आज ठेवलेली आहे. १९७९ सालीं गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनीं टॉम रिची ह्यानें बनविलेले सांगाडे घेऊन 'माउंटन बाइक्स' नांवाचा व्यवसाय सुरू केला. १९८१ सालीं स्पेशलाइज्ड कंपनीनें 'स्टम्पजंपर' ही मोठ्या संख्येनें बनविलेली डोंगरी सायकल विक्रीस काढली. तात्पर्य, डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं नवें साल नाकारण्यांतून झाला. त्या तरुणांनीं शिक्का पाहिला नाहीं, कोन पाहिला.

मॅरिनच्या डोंगरांत व्हिपेटचा प्रश्न पुन्हा जागा झाला. हवेच्या टायरानें स्प्रिंगेस हरविलें होतें तें बांधलेल्या रस्त्यावर. जेथें रस्ताच नाहीं, वाटेंत वीतभर उंचीचे दगड आणि झाडांचीं मुळें आहेत, तेथें टायरांतील हवा अपुरी पडते. १९९० सालीं कोलोरॅडोंतील डुरँगो येथें डोंगरी सायकलींची जागतिक अजिंक्यपदाची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. तींत उतारावरची शर्यत ग्रेग हर्बोल्ड ह्यानें जिंकली, ती पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगेचें काम करणारा 'रॉकशॉक्स' बसविलेल्या सायकलीवर. हा चिमटा पॉल टर्नर ह्यानें तयार केला होता. त्यांत चाकास वरखालीं हलावयास जेमतेम दोन इंच जागा होती. पण तेवढ्यानें शंभर वर्षांपूर्वीं हरलेला विचार पुन्हा उभा राहिला.

पुढच्या चाकापेक्षां मागच्या चाकाचें काम अधिक कठीण निघालें. मागचें चाक केवळ धक्का खात नाहीं. साखळी त्यास ओढते आणि ब्रेक त्यास धरतो. त्यास वरखालीं हलूं दिलें, कीं प्रत्येक पेडलाबरोबर सायकल डुलूं लागते आणि पायांची निम्मी मेहनत स्प्रिंग दाबण्यांत जाते. ब्रेक दाबला, कीं कांहीं रचनांत स्प्रिंग आखडते आणि ऐन खडकाळ उतारावर चाक उड्या घेऊं लागतें. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील बऱ्याच सायकलींत हे दोष होते, आणि एका सालची रचना दुसऱ्या सालीं टाकून देण्यांत येई. ऑस्ट्रियांत जन्मलेला व कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेला मोटारसायकलस्वार हॉर्स्ट लाइटनर ह्यानें मागच्या आंसाच्या किंचित् पुढें व खालीं एक जादा सांधा ठेवून ब्रेकचा हा परिणाम बराच कमी केला. हा सांधा त्याच्याच नांवानें ओळखला जातो. १९९८ सालीं त्याचीं पेटंटें स्पेशलाइज्ड कंपनीनें विकत घेतलीं, आणि त्यामुळें अमेरिकेंत इतर कारखान्यांस कित्येक वर्षें एक तर परवान्याचे पैसे भरावे लागले, नाहीं तर दुसरी वाट शोधावी लागली. ह्या काळांत दोन सालांतील फरक पुन्हा खरा होता. कारण तो सांध्याच्या जागेंतला फरक होता, आणि सांध्याची जागा घरीं बदलतां येत नाहीं.

तरीसुद्धां, नवें म्हणजे सर्वांसाठीं चांगलें असें तेव्हांही ठरलें नाहीं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकांत एसेक्समधील हॅडली फार्म येथें झालेल्या शर्यतीचें उदाहरण बोलकें आहे. चेक स्वार यारोस्लाव्ह कुल्हावी हा दोन्ही चाकांस सस्पेन्शन असलेल्या, २९ इंची चाकांच्या सायकलीवर होता. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हा केवळ पुढच्या चाकास सस्पेन्शन असलेल्या, साडेसत्तावीस इंची चाकांच्या हलक्या सायकलीवर होता. जवळजवळ दीड तासाच्या झुंजीनंतर कुल्हावी जिंकला, तो एका सेकंदाच्या फरकानें. जगांतील दोन श्रेष्ठ स्वार, त्यांच्यामागें उभे असलेले जगांतील उत्तम कारागीर, आणि तरीही दोघांचीं उत्तरें निरनिराळीं व परिणाम जवळजवळ सारखा. चार वर्षांनीं रिओ येथें शुर्टरनें सुवर्णपदक मिळविलें, तें मात्र पूर्ण सस्पेन्शनच्या सायकलीवर.

ह्या पार्श्वभूमीवर अलीकडच्या काळांतील सर्वांत मोठी उलथापालथ पाहणें उद्बोधक होईल. १९३३ च्या त्या जाड टायराबरोबर आलेलें २६ इंची चाक मॅरिनच्या तरुणांमार्फत डोंगरी सायकलींत आलें, आणि ऐंशीं वर्षें टिकलें. २०१२ ते २०१४ ह्या दोन-तीन सालांत मोठ्या कारखान्यांनीं तें बहुतेक टाकून दिलें. कांहींनीं २९ इंची चाक स्वीकारलें, कांहींनीं साडेसत्तावीस. वस्तुतः रिमेच्या मापानें पाहिलें, तर २६ इंची चाकाचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि साडेसत्तावीसचा ५८४ मिलिमीटर. म्हणजे फरक अवघा २५ मिलिमीटरांचा. चालवितांना जाणवणारा फरक त्या मानानें लहानच. पण २०१३ सालची २६ इंची सायकल स्वस्तांत घेणाऱ्याचा खरा तोटा वेगळ्याच ठिकाणीं झाला. पुढें उत्तम प्रतीचे टायर, रिमा आणि चिमटे नव्या मापांत निघूं लागले. जुन्या मापाची निवड वर्षानुवर्षें आखूड होत गेली. सायकल वाईट नव्हती; तिच्या मागें असलेला बाजार उठून गेला.

असेच दुसरेही कांहीं बदल. २०१५ च्या सुमारास मागच्या हबाची रुंदी १४२ वरून १४८ मिलिमीटर झाली. सहा मिलिमीटरांच्या ह्या फरकामुळें जुनें चाक नव्या सांगाड्यांत धड बसेना. २०१६ सालीं मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरांचीं मापें इंचांवरून मिलिमीटरांच्या नव्या श्रेणींत गेलीं. २०१२ नंतर पुढें एकच दांतेरी चक्र आणि मागें अकरा, पुढें बारा, अशी गिअरांची रचना रूढ झाली. आणि ह्या सगळ्यांच्या जोडीला, दरसाल अंशाअंशानें, पुढचा चिमटा पुन्हा तिरपा होत गेला. १९९० च्या सुमारास तो जमिनीशीं सुमारे ७१ अंशांचा कोन करी. आजच्या डोंगरवाटांवरच्या सायकलींत तो ६४ ते ६६ अंशांच्या आसपास असतो. एक्सेल्सियर उचलणाऱ्या तरुणांनीं जी दिशा ओळखली होती, तिच्याकडे कारखाने मधल्या काळांत पाठ फिरवून, वळसा घालून परत आले.

आतां पुन्हा दुकानांतल्या त्या गृहस्थाकडे वळावयास हरकत नाहीं. त्याच्यापुढें दोन सालें आहेत. आणि वरील हकीगतींवरून त्यानें कोणत्या क्रमानें काय पाहावें, हें पुष्कळसें ठरतें.

सर्वांत आधीं पाहावयाचा तो सांगाडा. दोन्ही सालांचीं मापांचीं कोष्टकें शेजारीं ठेवावींत. चिमट्याचा कोन, सीटापासून हँडलापर्यंतची लांबी, मागच्या सांध्याची जागा आणि चाकास वरखालीं हलावयास मिळणारी जागा हीं चार मापें एकच असतील, तर त्या दोन सालांत सायकल एकच आहे. बदलला आहे तो रंग. ह्या प्रसंगीं स्वस्त ती घेण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. हीं मापें निराळीं असतील, तर मात्र दोन्हींवर बसून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. कारण गिअर, ब्रेक, टायर पुढेंमागें बदलतां येतात, सांगाडा बदलतां येत नाहीं.

दुसरें, जोडणीचीं मापें. हब, चाक आणि शॉक हीं ज्या मापाचीं आहेत, त्या मापाचा माल येत्या पांच-सहा वर्षांत मिळत राहील काय, हें विचारावें. २०१३ सालच्या ग्राहकानें हाच एक प्रश्न विचारला असता, तर त्याचे पैसे वांचले असते. येथें नव्या सालाचें पारडें पुष्कळदां जड होतें, आणि तें योग्यही आहे.

तिसरें, सायकलीचें वय आणि शिक्क्याचें वय हीं एक नव्हेत. सालाचा शिक्का बहुधा त्या सालाच्या आधींच्या शरदऋतूंतच बाजारांत येतो. म्हणून नव्या सालची म्हणून दाखविलेली सायकलही कित्येक महिने दुकानांत उभी असूं शकते. उलट, न वापरतां उभी राहिलेली जुनी सायकल चकचकीत दिसली, तरी शॉकच्या आंतलें तेल आणि रबरी सीलें ह्यांस काळाचा परिणाम चुकत नाहीं. सस्पेन्शनची जुजबी दुरुस्ती सुमारे पन्नास तासांच्या स्वारीनंतर करावी, असें कारखानेच सांगतात. मग उभ्या राहिलेल्या सायकलीची ती करवून घेऊनच सौदा पुरा करावा, आणि तिचा खर्च किमतींतून वजा घालावा. हमीची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जाते कीं कसें, तेंही लेखी घ्यावें.

चौथें आणि शेवटचें, स्वतःची वाट. व्हिपेट हरली ती ती वाईट होती म्हणून नव्हे, तर तिच्या काळच्या रस्त्यास हवेचा टायर पुरेसा होता म्हणून. आजही ज्याची स्वारी बव्हंशीं डांबरी रस्त्यावर आणि क्वचित् एखाद्या मळेवाटेवर व्हावयाची, त्यास दोन्ही सालांपैकीं कोणतीही पूर्ण सस्पेन्शनची सायकल भारच होईल, आणि त्या दोहोंमधून निवड करीत बसणें म्हणजे मुळांतच नको असलेल्या वस्तूचा भाव ठरविणें होय. उलट, ज्याची वाट खरोखर दगडधोंड्यांची आहे, त्यास कोनांतले दोन अंश रंगाच्या दहा नव्या छटांपेक्षां अधिक उपयोगी पडतील.

अलीकडे कांहीं कारखान्यांनीं सालाचा शिक्का देण्याचें सोडून, सांगाडा खरोखर बदलेल तेव्हांच नवें नांव द्यावें, अशी वहिवाट पाडली आहे. १८९७ सालच्या अमेरिकन कारखानदारांस ही बुद्धि सुचली असती, तर कदाचित् कित्येकांचीं दुकानें वांचलीं असतीं. तोंपर्यंत मात्र ग्राहकानेंच तो शिक्का बाजूस सारून त्याखालचें लोखंड किंवा ॲल्युमिनियम पाहावयास शिकलें पाहिजे. मॅरिनच्या डोंगरावर अडगळींतला सांगाडा खांद्यावर घेऊन चढणाऱ्या तरुणांस कोणतें साल चांगलें, हा प्रश्न पडलाच नाहीं. उतार कोणता उतरावयाचा आहे, एवढें त्यांस ठाऊक होतें, आणि तेवढ्यावरून सायकल निवडतां आली.